पापड शिकवू नका, हिशोब शिकवा

वस्तीत बायकांसाठी काही करायचं ठरलं की हमखास शिवणयंत्रं वाटली जातात. नाहीतर पापड-लोणची, अगरबत्ती, ब्यूटी पार्लर. आठ दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, पाहुण्यांचं भाषण, फोटो. अहवालात 'स्वावलंबी महिलां'चा आकडा चढतो. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेत होते तेव्हा याला 'उत्पन्नवाढीचा कार्यक्रम' म्हणत, आता 'उद्योजकता विकास' म्हणतात. नाव बदललं, पापड तेच. मुळात पापड लाटायला बाईला शिकवावं लागतं, हीच कल्पना हास्यास्पद! तिला जे कुणीच शिकवत नाही ते म्हणजे स्वतःच्या तासाची किंमत लावणं.

समजा, एकजण रोज शंभर पोळ्या करून चार रुपयांना एक अशा विकते. चारशे आले. कणीक, तेल, पिशव्या यांत दोनशे गेले, दोनशे उरले. ती खूश. पण गॅस 'घरचाच' म्हणून धरलेला नाही. त्याचे पन्नास धरा. कणीक मळण्यापासून पोळ्या पोचवून ओटा धुवेपर्यंत पाच तास गेले, तेही धरा. तासाला तीस रुपये! 'वेळ काय ताई, घरीच जात होता,' असं वस्तीत कितीजणींनी मला ऐकवलं असेल. वेळ फुकट असतो हे तिला जन्मभराच्या बिनमोल घरकामानं शिकवलेलं आहे, आणि बाजार त्याचाच फायदा घेतो.

म्हणून मैत्रिणींनो, धंद्याची वही वेगळी ठेवा आणि पहिल्या ओळीत स्वतःची मजुरी लिहा. मग माल, गॅस, रिक्षाभाडं, बुडणारी उधारी. त्यावरून दर ठरवा. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर जिन्नस बदला, गिऱ्हाईक बदला, पण मजुरी कापू नका. मजुरी वजा जाऊन जे उरतं त्यालाच नफा म्हणायचं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक घरबसल्या कामाला स्वयंरोजगार म्हणणं बंद करा. राख्या, नकली दागिने, गोधड्या, बटणं लावणं... कच्चा माल कुणाचा? दर कोण ठरवतो? तयार माल दुसऱ्या कुणाला विकता येतो का? तिन्हींचं उत्तर 'शेठ' असेल तर ती बाई मालकीण नाही, नगावर राबणारी कामगार आहे. तिला उद्योजक म्हटलं की शेठची जबाबदारी संपली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं होतं. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून मालकाचं काम करणाऱ्यांसाठी, करार केला. भारतानं अजून तो स्वीकारलेला नाही. अशा बायकांना धंद्याचं प्रशिक्षण देऊन काय उपयोग? त्यांना दरवाढीसाठी एकत्र यायला मदत करा.

आता पैशाचं. गाडीवर क्यूआर कोड लावलेला असतो, पण पैसे नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्यात जातात. खातं बाईच्या नावाचं, त्याला जोडलेला नंबर तिचा आणि मोबाइलही तिच्याच हातात हवा. कर्ज घेण्यापूर्वी गटाच्या बचतीतून पुरेल एवढंच काम करून बघा. कर्ज घ्यायचंच झालं तर व्याज सरळ की उरलेल्या रकमेवर, हे विचारा. वर्षाच्या मासिक हप्त्यांवर 'बारा टक्के सरळ' म्हणजे प्रत्यक्षात एकवीसच्या पुढे. २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्मकर्ज देणाऱ्यानं वार्षिक दर लिहिलेला कागद आपल्याला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचे नसतात. वसुलीवाल्याला तो कागद मागा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणि एकटीनं सुरू करू नका. लिज्जतची गोष्ट सगळे भाषणात सांगतात: १९५९, गिरगाव, सात बायका, ऐंशी रुपये उसने. त्यातून निष्कर्ष मात्र काढतात की पापड करा! तिथे लाटणारी बाई सहमालक होती, हे सोयीस्करपणे गाळलं जातं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा उभी केली तेव्हा गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना स्वयंपाक शिकवला नाही. त्या वाण्याच्या उधारीत अडकल्या होत्या. त्यांचे गट बांधले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं दार ठोठावलं.

राहिलं घर. बाई धंदा करू लागली की तिचे कामाचे तास वाढतात, घरातलं काम तसूभर कमी होत नाही. सासूबाईंचं पथ्य, नळाचं पाणी, मुलांची शाळा सांभाळून ती रात्री अकराला शिवायला बसते, आणि आपण तिला 'जिद्दी' म्हणून टाळ्या वाजवतो. पुढच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी घरच्या पुरुषांना बोलवा. पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार, मुलांना कोण आणणार, हे फळ्यावर नावानिशी लिहून घ्या. शिवणयंत्राचं वाटप त्यानंतर.