विश्लेषण : खड्ड्याने चाक वाकले, सरळ करून घ्यावे की बदलावे?

माटुंग्यात किंग्ज सर्कल, गांधी मार्केट परिसरात पाणी साचले की खड्डा डोळ्यांना दिसत नाही, तो आधी चाकाला कळतो. मग स्टिअरिंग थरथरते, हवा उतरू लागते आणि गॅरेजमध्ये खर्चाचा आकडा समोर येतो. तो कोणी सोसायचा?

चाक वाकल्याचे कसे कळते?

रिम बहुतेकदा आतल्या कडेला वाकते. त्यामुळे बाहेरून चाक धडधाकट वाटते. ठरावीक वेगाला थरथर, वारंवार कमी होणारी हवा आणि टायरला आलेला फुगवटा या तिच्या खुणा. बॅलन्सिंगने वजन समतोल होते, वाकलेला आकार सरळ होत नाही.

लोखंडी आणि अलॉय चाकांत फरक काय?

लोखंडी चाक आघाताने चेपते आणि बऱ्याचदा दाब देऊन सरळ करता येते. अलॉय चाक अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, हलके पण ताठ असते. ते थोडे वाकते, जोराच्या धक्क्याने त्याला तडा जातो. टायर जितका कमी जाडीचा, तितका रिमला बसणारा धक्का मोठा.

दुरुस्ती कुठवर सुरक्षित?

चांगल्या गॅरेजमध्ये चाक यंत्रावर फिरवून डायल गेजने वाक मोजतात आणि हायड्रॉलिक दाबाने सरळ करतात. गॅसच्या ज्योतीने अंदाजाने तापवले, तर अलॉयला कारखान्यात दिलेली ताकद कमी होते. किरकोळ वाक सरळ होऊ शकतो. पण आऱ्याला, मध्यभागी किंवा बोल्टच्या छिद्रांजवळ तडा असेल, तर वेल्डिंग न करता चाक बदलावे. याच माटुंग्यातील मध्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांच्या चाकांची तपासणी ठरलेल्या नियमांनी होते. मोटारीचे चाक मात्र अनेकदा मेकॅनिकच्या नजरेवरच सुटते.

विमा मिळतो का?

सर्वसमावेशक विम्यात अपघाती नुकसान येते. पण फक्त टायर फुटला, तर मूळ पॉलिसीत भरपाई नाही. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये सक्तीची कपात असते. शिवाय घसारा वजा होतो. दावा केला की पुढच्या हप्त्यातील २० ते ५० टक्के नो क्लेम बोनसही जातो. म्हणून एका चाकासाठी दावा करण्याआधी हिशेब मांडावा.

न्यायालयाच्या आदेशाचा उपयोग?

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. तक्रार आल्यापासून ४८ तासांत खड्डा बुजवण्याचेही बजावले. या रकमा माणसांसाठी आहेत, वाकलेल्या चाकाचा त्यांत समावेश नाही. तो खर्च आजही मालकाच्याच खिशातून जातो.

तरीही खड्ड्याचे छायाचित्र, ठिकाण, वेळ, तक्रार क्रमांक आणि गॅरेजचे बिल जपून ठेवावे. चाकाचे पैसे परत मिळाले नाहीत, तरी ४८ तासांची मुदत त्या तक्रारीपासून मोजता येते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी खड्डा वेळेत बुजणे जिवाच्या मोलाचे असते.