सूट कोणाला, सजा कोणाला?

बँकेच्या दारात, रुग्णालयाच्या फाटकाशी, कारखान्याच्या प्रवेशद्वारी आणि आपल्या स्वतःच्या सोसायटीच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गणवेश घालून उभा असलेला खासगी सुरक्षारक्षक आज या देशात पोलिसांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक आहे. समाजाने आपली घरे, बायकामुले, तिजोऱ्या त्याच्या भरवशावर सोपवल्या आहेत. त्याच्यासाठी महाराष्ट्रात एक नव्हे, दोन कायदे आहेत. तरीही बारा-बारा तास उभा राहणारा, साप्ताहिक सुट्टी ठाऊक नसलेला हा माणूस कायद्याच्या कक्षेत नेमका केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. ज्यांनी सांगावयाचे, त्यांना सांगण्याची निकड वाटत नाही.

वास्तविक या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. १९६९ साली राज्याने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. त्याच धर्तीवर १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांचा कायदा आला. शासन, मालक आणि रक्षक अशा तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ. मंडळाकडे रक्षकाची नोंदणी. आस्थापनेने वेतन आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून रक्षकाला वेतनाबरोबर भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस मिळायचा, अशी ही रचना आहे. रक्षकाच्या वेतनातून दलाली कापणारा मधला माणूस दूर करणे, हा तिचा गाभा.

याच कायद्यात कलम २३ आहे. ज्या रक्षकांना मिळणारे लाभ कायद्यातील लाभांपेक्षा 'एकंदरीत कमी नाहीत' असे शासनाचे मत होईल, त्यांना सल्लागार समितीशी विचारविनिमय करून, हरकती मागवून, राजपत्रात अधिसूचना काढून कायद्यातून सूट देता येते. सूट मुदतीची आणि अटींची असते, मागेही घेता येते. हेतू वाईट नव्हता. एखादी एजन्सी आपल्या माणसांना मंडळापेक्षा चांगले ठेवत असेल, तर तिला उगाच अडवू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण 'एकंदरीत' हा शब्द किती लवचिक आहे पाहा! वेतन थोडे कमी, पण गणवेश फुकट. रजा नाही, पण दिवाळीला मिठाईचा पुडा. एकंदरीत कमी नाहीच! या शब्दाचे माप कोण आणि केव्हा घेतो? कागद जुळले की सूट, आणि सूट मिळाल्यानंतर रक्षकाच्या वेतनचिठ्ठीकडे कोणी पाहावे? अपवाद म्हणून घातलेले कलम धंद्यात उतरण्याचा राजमार्ग समजले जाऊ लागले, यात नवल ते काय!

दुसरा कायदा केंद्राचा, २००५ सालचा; तो मार्च २००६ पासून अमलात आला. पहिला कायदा कामगार खात्याचा, तर हा गृह खात्याचा. परवान्याविना सुरक्षा एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रक्षक भारताचा किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या अन्य देशाचा नागरिक असावा, अठरा ते पासष्ट या वयाचा असावा, त्याच्या चारित्र्याची खातरजमा झालेली असावी. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांनी शंभर तासांचे वर्गशिक्षण आणि साठ तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस यांविषयीचे कायदे अनुसूचीत नावानिशी नमूद करून, त्यांचा भंग केल्यास परवाना रद्द करण्याची तरतूदही केली. कागदावर कोठेही उणीव नाही. आता आपल्या इमारतीच्या दाराशी जाऊन तेथील माणसाला विचारा, 'बाबा, तुझे एकशे साठ तासांचे प्रशिक्षण कोठे झाले?' तो हसेल. काल दुपारी गावाहून आलेल्या त्याच्या भावाला आज रात्रीच्या पाळीसाठी तोच सैल सदरा देण्यात आलेला असतो.

एजन्सीचालक म्हणतात, हे सारे 'लायसन्स राज' आहे. मंडळाचा रक्षक आम्हाला निवडता येत नाही, बदलून मागितला तर महिने जातात. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मंडळांचा कारभार सरकारी कचेरीच्या वळणाने जातो, हे उघड आहे. पण मंडळ सुस्त आहे म्हणून रक्षकाचा भविष्य निर्वाह निधी बुडवावा, हा कोणता न्याय? मंडळ सुधारा, मुदती घाला. त्याची शिक्षा दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कशासाठी?

आता थोडे आपल्या घरात डोकावू. कारण सर्वांत मोठी सूट कोणत्याही राजपत्रात छापलेली नाही; ती आपण सुशिक्षित मध्यमवर्गीयांनी स्वतःला देऊन टाकली आहे. गणित साधे आहे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे काम आठवड्याला ४८ तास. म्हणजे दाराशी एक माणूस अहोरात्र उभा हवा असेल, तर साडेतीन माणसे लागतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत जे दरपत्रक एकमताने मंजूर होते, त्यात माणसे किती असतात? दोन! कायद्याचा भंग त्या कागदावरच लिहिलेला असतो, आणि खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सह्या असतात. या सह्या करणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले असतात, शिक्षक असतात. प्रसंगी आपले कार्यकर्तेही असतात. थेट नेमलेला रखवालदार तर एजन्सीच्या परवान्याच्या चौकटीतच येत नाही. तो केवळ आपल्या सद्सद्विवेकाच्या भरवशावर असतो.

या धंद्यात पैसा आहे, म्हणूनच परदेशी भांडवलाचीही त्यावर नजर आहे. २००५ च्या कायद्याने बहुसंख्य भागधारक भारताचा नागरिक नसेल तर परवाना नाकारला. २०१६ साली मात्र या क्षेत्रात परकीय गुंतवणुकीची मर्यादा ४९ वरून ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. निर्णय आपल्या विचारांच्या सरकारचा होता, म्हणून मौन पाळावे असे आम्हाला वाटत नाही. कोणत्या कारखान्यात किती पहारा आहे, कोणत्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, ही माहिती म्हणजे साबणाची वडी नव्हे. कायद्याचा हेतू एक आणि गुंतवणुकीचे धोरण दुसरे, ही विसंगती संसदेने स्पष्ट शब्दांत दूर करावयास हवी.

आणि सैनिकाचे काय? आपला जवान ऐन उमेदीत निवृत्त होतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने तर चार वर्षांच्या सेवेनंतर, कायम होणारे पंचवीस टक्क्यांपर्यंतचे वगळता, बाकी तरुणांना नागरी जीवनात परत यावयाचे आहे. २००५ चा कायदा माजी सैनिकांना, पोलिसांना, होमगार्डना प्राधान्य 'देता येईल' म्हणतो. 'द्यावे' म्हणत नाही. बारा तासांच्या, सुट्टीविना, किमान वेतनालाही मुकणाऱ्या कामावर साताऱ्याचा एखादा सुभेदार का येईल? आणि आला, तर त्याला तेथे उभे करून आपण त्याच्या गणवेशाचा कोणता मान राखतो?

कलम २३ खाली सूट मिळालेल्या प्रत्येक एजन्सीचे नाव, सुटीची मुदत आणि अटी मराठीत लिहून, ती जेथे माणसे पुरवते त्या दाराशी लावण्याची सक्ती शासनाने करावी. सुटीचे नूतनीकरण वेतनाच्या बँक नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीची चलने पाहिल्याशिवाय होऊ नये. कामगार खाते आणि गृह खाते यांनी एकमेकांची यादी निदान वर्षातून एकदा ताडून पाहावी. आणि येत्या वार्षिक सभेत आपण प्रत्येकाने उभे राहून तीन कागद मागावेत: एजन्सीचा परवाना, गेल्या तीन महिन्यांची चलने आणि पाळ्यांचा तक्ता. त्या तक्त्यात दोनच नावे असतील, तर ते दरपत्रक न उघडता परत पाठवावे.