दोष एकट्या पावसाचा नव्हता

‘१८७६-७८चा दुष्काळ हा निव्वळ पावसाचा कोप’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला, पुढल्या वर्षी एल निनो प्रबळ होता, हे मान्य. पण सोलापुरात आगगाडी १८६० मध्येच आली होती. धान्य आणणे अशक्य नव्हते. पण ते विकत घ्यायला मजुराच्या खिशात पैसा नव्हता, आणि देशातून गव्हाची निर्यात मात्र चालूच होती! ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांचेच उदाहरण घ्या. १८७३-७४ च्या बिहारातील दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला. भूकबळी फारच थोडे झाले. त्याबद्दल कौतुक होण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. मग १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात हेच गृहस्थ काटकसरीला लागले. दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरली दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणाभर. खडी फोडणाऱ्याने तेवढ्यावर जगायचे! मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी धाडल्या. अधिकारी तोच होता, पाऊसही दोन्हीकडे हुकलाच होता. पत्रलेखकांनी भूकबळींचा बिहारचा आकडा आणि दख्खनचा आकडा शेजारी ठेवून पाहावेत.

– एक वाचक, सोलापूर