माळ्यावरचा आल्बम

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परळ, लालबाग, गिरगाव येथेही जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणाऱ्यांचा हेवा कोणी करू नये. आमचा प्रश्न निराळा आहे. सामान बांधताना माळ्यावरच्या ट्रंकेतून जो लग्नाचा आल्बम निघतो, त्याचे पुढे काय होते?

काळ्या पानांचा, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद घातलेला तो आल्बम म्हणजे केवळ घरगुती हौस नव्हे. मोठ्या चौकोनी छायाचित्रांच्या एका रिळात बाराच चित्रे निघत. ऐपत तीन रिळांची असली, तर छत्तिसांत सारे लग्न बसवावयाचे! म्हणून कोणाला उभे करावयाचे, हे छायाचित्रकारापेक्षा घरातील वडीलधारेच ठरवीत. मुलीला बोहल्यावर आणणारा मामा, पाठीशी करवली, खुर्च्यांवर व्याही-विहिणी. आणि अखेरीस गिरणीच्या खात्यातले सोबती व चाळीतील बिऱ्हाडे. रक्ताचे नाते नसलेली ही माणसे चौकटीत येत, कारण पाणी भरण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत लग्न त्यांनीच पार पाडलेले असे. विधवा आत्या मात्र पुष्कळदा कडेला, किंवा नाहीच. नात्यांतील माया आणि क्रौर्य एकाच कागदावर उमटले आहे.

विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात मुंबईकरांची छायाचित्रे ग्रंथरूपाने छापली, ती जातीजमातींचे नमुने म्हणून. चाळीच्या आल्बमात माणसे स्वतःच्या मर्जीने उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांचे मोर्चे वृत्तपत्रांनी टिपले. त्यांचा संसार मात्र या ट्रंकांतच आहे.

आज एका लग्नात हजारो छायाचित्रे निघतात, बहुतेक वधूवरांचीच. छायाचित्रकाराला दोष कसा द्यावा? शेजारीच उरला नाही.

'हा कोण?' या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सुट्टीत हेच काम द्यावे: आजीजवळ बसून नावे, गाव, गिरणी, खोली क्रमांक लिहून घ्यावा. १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी प्रती जपाव्यात. मूळ आल्बम घरीच राहू द्यावा. नावे छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावीत. शाई पुढे उमटते.