स्थानकाची मांडणी आणि शेतकऱ्याचा माल

रेल्वेचा नवा मार्ग आपल्या गावावरून जावा म्हणून अर्ज होतात, सभा भरतात, शिष्टमंडळे जातात. परंतु गाडी आपल्या स्थानकात किती वेळ थांबावी आणि माल चढविण्याची सोय कोठे असावी, याचा विचार शेतकरीवर्गाकडून क्वचितच होतो. नकाशा कायम होतो, काम पुरे होते, आणि मग गाऱ्हाणी सुरू होतात. हा क्रम उलटा झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास पाहावा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या योजनेने १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ही अडीच फुटी गाडी धावू लागली. कुर्डुवाडीच्या स्थानकास त्या काळी बार्शी रोड म्हणत. पुढे १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. सुमारे ३२५ किलोमीटरचा हा मार्ग सरकारने १९५४ साली विकत घेतला. यात्रेकरूंची व बाजारपेठांतील मालाची ने-आण हा तिचा मुख्य व्यवसाय होता. ती मंद होती, डबे लहान होते, आणि कुर्डुवाडीस मोठ्या गाडीत माल भरावयाचा म्हणजे प्रत्येक पोते पुन्हा उतरवून चढवावे लागे. यात वेळ जाई, हमाली वाढे, मालही खराब होई.

म्हणून रुंद रूळ टाकण्याचा निर्णय योग्यच होता. कुर्डुवाडी-पंढरपूर, लातूर-उस्मानाबाद, उस्मानाबाद-कुर्डुवाडी आणि शेवटी पंढरपूर-मिरज असे टप्प्याटप्प्याने हे काम २०११ सालापर्यंत पुरे झाले. त्याचे फळ २०१६ च्या एप्रिलात सर्वांनी पाहिले. दुष्काळाने होरपळलेल्या लातुरास मिरजेहून पाण्याची गाडी गेली. पहिल्याच खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि तेही वाटेत कोठे उतरवून पुन्हा न भरता. अडीच फुटी रुळावर हे साधले नसते. जुन्या गाडीचे गोडवे गात नव्या मार्गास नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही.

तथापि लाभाबरोबर काही हानीही झाली. अरुंद रूळ तीव्र वळणे सहज घेतो व थोड्या जागेत मावतो, म्हणून तो थेट वस्तीस भिडू शके. रुंद रुळास सौम्य वळण व ऐसपैस जागा लागते. लातूरचे जुने स्थानक शहरात होते. नवे शहराबाहेर गेले. उस्मानाबाद शहर, म्हणजे आजचे धाराशिव, जुन्या मार्गाने टाळले होते. नवा मार्ग तिकडे वळविण्यात आला. एकाच सुधारणेने एक शहर जवळ आले व दुसऱ्याचे स्थानक दूर गेले. बाजारपेठेपासून स्थानक दूर गेले की मधल्या वाहतुकीचे भाडे अखेर शेतकऱ्याच्याच पट्टीतून वजा होते.

दुसरी हानी सहज नजरेस येत नाही. एकेरी मार्गावरील ज्या स्थानकात बाजूचा रूळ नाही, तेथे थांबलेली गाडी संपूर्ण वाट अडवून धरते. अशा ठिकाणी एक-दोन मिनिटांपलीकडे गाडी थांबविणे रेल्वेस परवडत नाही, आणि तेवढ्या वेळात डाळिंबाच्या पेट्या चढत नाहीत. बाजूचा रूळ व मालधक्का नसलेले स्थानक उतारूंपुरतेच उरते. त्यातच रेल्वेने सुट्या मालाची नोंदणी आवरती घेऊन पूर्ण मालगाडी भरणाऱ्या गिऱ्हाइकांकडे लक्ष वळविले. एकटा शेतकरी पूर्ण मालगाडी कोठून भरणार?

लोकांच्या गाड्यांचीही हीच कथा आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे उतारूंच्या गाड्या बंद पडल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा साध्या गाड्यांचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले होते. ते पूर्ववत होण्यास २०२४ साल उजाडले. दरम्यान अनेक लहान स्थानकांवरील थांबेही गेले. ज्यास भाजीची टोपली घेऊन तालुक्यास जावयाचे, त्यास हा भार लहान नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मालमोटार शेताच्या बांधावर येते, मग रेल्वे हवी कशाला? जवळच्या पेठेपुरते हे खरे आहे. रेल्वेने माल पाठविताना तो दोनदा जास्त चढवावा-उतरवावा लागतो, आणि थोड्या अंतरात तो खर्च भरून निघत नाही. पण बिहार-बंगालच्या पेठांचे गणित निराळे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली. थोडाही माल स्वीकारण्याची मुभा व फळे-भाजीपाल्यास निम्म्या भाड्याची सवलत होती. त्याच वर्षी २८ डिसेंबरास शंभरावी गाडी सांगोल्याहून बंगालमधील शालिमारकडे गेली. सांगोला हे त्याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेवरील स्थानक! योग्य सोय मिळाली तर लहान गावचा माल देशाच्या दुसऱ्या टोकास जातो, हे तेथे सिद्ध झाले. परंतु सवलतीच्या आधारावरच उभी राहिलेली सोय सवलत संपताच डळमळते. धक्का व बाजूचा रूळ मात्र एकदा बांधले की पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतात.

म्हणून आमची सूचना अशी. नव्या मार्गाचा वा स्थानकाच्या फेरबदलाचा आराखडा कायम होण्यापूर्वी तो तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्यांपुढे मांडावा. दर तालुक्यात निदान एका स्थानकी बाजूचा रूळ, छपराचा मालधक्का व तेथवर पक्की सडक असावी. सकाळच्या बाजारास पोहोचविणारी एक साधी गाडी लहान स्थानकांवर थांबावी.

आपल्या बाजूनेही कर्तव्य आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावातून, किती माल, कोणत्या पेठेस जातो, याचा आकडा आपल्या संस्थांपाशी तयार असावयास हवा. अर्जातील विनवणीपेक्षा असा आकडा अधिक वजनदार ठरतो. संघटितपणे एक डबा भरून दाखविणाऱ्या गावास रेल्वे सहसा नाही म्हणणार नाही. आराखडा कागदावर आहे तोवर रेघ पुसता येते. रूळ बसल्यावर नव्हे. तरी शेतकरीबंधूंनी वेळीच जागे व्हावे.