कार्श्य नको, बल हवे : पारलिंगी पुरुषांच्या आहारविहाराविषयी

चरकसंहितेतील अष्टौनिंदितीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासिला आहे. तेथे अतिस्थूलाबरोबर अतिकृशही निंदितांत गणला आहे. मेद उतरविण्यासाठी आलेल्या रुग्णासमोर मात्र आपण हे पुष्कळदा विसरतो. आमच्या नगर येथील चिकित्सालयात आलेल्या एका तरुणामुळे या विस्मरणाचे गांभीर्य आम्हास जाणवले.

हा तरुण पारलिंगी पुरुष. म्हणजे जन्मसमयी कन्या अशी नोंद झालेला, परंतु स्वतःस पुरुष जाणणारा. तो पोलीस भरतीची तयारी करीत होता. पारलिंगी उमेदवारांच्या शारीरिक चाचणीचे निकष ठरवावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये राज्य शासनास बजावले. तेव्हापासून हे दार अशा तरुणांसाठी किलकिले झाले आहे. छाती व नितंब उतरावेत म्हणून तो चार महिने एकवेळ जेवत होता. मासिक स्राव थांबला, याचा त्यास आनंदच होता. धावताना मात्र पाय लटपटत. संप्रेरक-चिकित्सा सुरू झालेली नव्हती. पूर्वी एका वैद्याने ‘मनातील खूळ काढा’ एवढाच उपदेश करून त्यास परत पाठविले होते.

आमच्या मते येथे दोन प्रमाद घडले. पहिला रुग्णाचा. उपाशी राहून थांबलेला स्राव हे पौरुषाचे लक्षण नव्हे. तो धातुक्षय होय, आणि त्याची झळ अस्थींपर्यंत पोहोचते. स्तनांत मेदाबरोबर ग्रंथीही असतात. त्या उपवासाने नाहीशा होत नाहीत. दुसरा प्रमाद वैद्याचा. ज्यास आपण झिडकारले, तो उपाशी राहतो आहे हे आपणास कळणार तरी कसे?

मेदक्षपणासाठी आपल्या शास्त्राने गुरु परंतु अपतर्पण करणारे अन्न सांगितले आहे, उपासमार नव्हे. आपल्या जिल्ह्यात ते दुर्मिळ नाही. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मुगाचे वरण, मोडाची मटकी, पालेभाजी व ताक. चालत असल्यास अंडी. साखर, तळलेले व बेकरीचे पदार्थ वर्ज्य. मांस टिकवून मेद उतरवावयाचा असल्याने प्रत्येक भोजनात डाळ, कडधान्य वा दूध असावेच. आठवड्यास अर्धा किलोपेक्षा अधिक वजन उतरविण्याची घाई नको. जो आधीच कृश आहे, त्याचे बृंहण प्रथम.

व्यायामात दंड, बैठका व भार उचलणे यांस प्राधान्य द्यावे. खांदे व पाठ भरली की कटी आपोआप निमुळती दिसते. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे आपण सांगतोच. परंतु बाइंडर नावाच्या घट्ट पट्ट्याने छाती आवळलेली असल्यास श्वास लवकर कोंडतो आणि अर्धशक्तीचे लक्षणच फसवे ठरते. म्हणून व्यायामसमयी तो काढावा. सैल सदरा व साधा आधार पुरे.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत क्षुधा पुष्कळदा वाढते, मांस वाढते, मेद नितंबांकडून उदराकडे सरकतो व रक्त दाट होऊ शकते. यास्तव हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट व रक्तातील मेदांची तपासणी वेळोवेळी झालीच पाहिजे. ती औषधी आपण परस्पर बंद करू नये. तद्वत् व्यायामशाळेतून चोरून मिळणाऱ्या सुयांना संमतीही देऊ नये. काढ्याने स्तन आटवू, दाढी आणू अशी आश्वासने देणे तर शास्त्राशी प्रतारणाच होय.

आमच्या त्या रुग्णाचे वजन तीन महिन्यांत थोडे वाढले. कटी तेवढीच राहिली, आणि धावणे सुधारले. स्राव परत आला, तेव्हा तो खिन्न झाला. ते दुःख आहाराने मिटणारे नव्हते. त्यासाठी आम्ही त्यास मानसरोगतज्ज्ञ व संप्रेरकतज्ज्ञ यांच्याकडे सन्मानपूर्वक पाठविले. आपल्या शास्त्राची मर्यादा मान्य केल्याने वैद्याचे उणे होत नाही. रुग्ण ज्या नावाने स्वतःस ओळखतो, त्या नावाने त्यास हाक मारावी आणि प्रथम विचारावे, ‘आज काय जेवलात?’ चिकित्सेचा आरंभ तेथूनच होतो, असे आमचे नम्र मत आहे.