पानांसाठी वेगळी बाग हवी

तुर्कस्तानातून येणाऱ्या द्राक्षवेलीच्या पानांवर युरोपीय संघाने कीडनाशक अंशांसाठी लावलेली वाढीव सीमातपासणी योग्यच आहे. ती सैल होता कामा नये.

पान म्हणजे फळ नव्हे. वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, फवारा थेट त्यावर बसतो आणि भात भरून ते अख्खे खाल्ले जाते. तुर्कस्तानातल्या मनीसा भागात सुलतानी वाणाच्या, म्हणजे आपल्या थॉमसन सीडलेसच्याच, वेलींवरून आधी पाने खुडतात, मग द्राक्षे. भुरी-केवडा या रोगांवरची फवारणी त्याच दिवसांत येते. आंतरप्रवाही औषध पाने धुऊन पुरते जात नाही.

कडक तपासणीचा फटका पाने खुडून खारवणाऱ्या कुटुंबांना बसेल, हे खरे. पण तोडगा कीडनाशकांची अंशमर्यादा वाढवण्यात नाही. पानांसाठी वेगळ्या बागा राखण्यात आहे. तुर्की सरकारने फवारणीची तपासणी बंदरावर नव्हे, बागेतच करावी.

नाशिकनेही तुर्कांना हसू नये. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांतील कीडनाशक अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. दादरच्या हातगाडीवरील पेटीच्या वाट्याला तो मान येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाजार समित्यांतून नमुने घेऊन त्यांचे निकाल दर हंगामात जाहीर करावेत.